समुद्राकडे पाठ करून

लातुरात आमच्या गल्लीला नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी माझी मुलगी शांत असायची. नळाखाली दोन्ही हात धरून तासभर उभी राहायची, तोंडातून शब्द नाही. तसा तिच्या तोंडात शब्द एरवीही नव्हताच. सहा वर्षांची झाली तरी 'आई' म्हटलं नव्हतं. पाणी गेलं की मात्र किंकाळी फुटायची आणि मग भिंतीवर डोकं. नळ मीच बंद करते असा तिचा पक्का समज होता, म्हणून ओरबाडायची ती मलाच.

ज्या गावात लोक घागरी मोजून पाणी वापरतात, तिथं असलं पोर कुणाला सहन होणार? शेजारची बाई आमच्या दारापुढं उभी राहून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, दुसरीला म्हणायची, "आपल्या लेकरांना प्यायला न्हाई अन् मॅडमची येडी पाण्याशी खेळून राहिली."  मी आत जाऊन मुलीचे हात नळाखालून ओढून काढायची.

डॉक्टरांनी स्वमग्नता असा शब्द सांगितला. सासूबाई खुळी म्हणायच्या. शब्द कुठलाही वापरला तरी तिला सांभाळायला ठेवलेली बाई आठ दिवसांत काम सोडून जायची. नवरा डाळमिलमध्ये फिटर. मी एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर व्हायचंच म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना. ज्या दिवशी सांभाळायला कुणी नसायचं त्या दिवशी मी मुलीला ओढणीनं पलंगाच्या पायाला बांधून जायची. ओढणी लांब ठेवायची, मोरीपर्यंत जाता यावं म्हणून. दीड तास शिकवून परत यायची.  बांधलं होतं, बस्स.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. देवणीजवळच्या खेड्यातून एसटीनं उदगीरला येऊन-जाऊन शिकले, मग नांदेडला राहून एम.एस्सी. केलं. याचा मला गर्व होता आणि आहे. वेळापत्रक लावून, सराव परीक्षा घेऊन, चुका काढून पार पाडता येत नाही असं जगात काही नाही, असं मला वाटायचं. लातुरात सगळ्यांनाच तसं वाटतं, गाव त्याच्यावरच जगतं.

समुद्राचं खूळ मोबाइलमुळं शिरलं. नवऱ्याच्या मोबाइलवर लाटांचा एक व्हिडिओ होता. मुलीनं तो लावून घेतला आणि मोबाइलला गाल टेकवून बसली. संपला की पुन्हा. नवरा म्हणाला, "हिला समुद्रावर न्यावं एकदा. तिथलं पाणी कुणी बंद करत न्हाई." मी त्याच दिवशी वही काढली.

वहीत मी लातूर पॅटर्न उतरवला. बांधकामावरून घमेलंभर वाळू आणली, परातीत मिठाचं पाणी केलं, स्पीकरवर लाटांचा आवाज लावला. रोज संध्याकाळी सहा ते सहा-वीस, सराव. आधी वाळू, मग पाणी, मग दोन्ही. भिंतीवर तक्ता, रोजचे मार्क. वाळू तळव्याला लागली की ती तडफडायची, मी तिचे घोटे धरून पाय दाबून ठेवायची. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. तीन आठवड्यांत ती रडायची थांबली. मी तक्त्यावर लाल पेनानं 'पास' लिहिलं. माझ्यापुढं रडून उपयोग नाही एवढंच ती शिकली होती, पण ते कळण्याइतकी मी तेव्हा शिकलेली नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. तिघंच जाणार होतो. बातमी नांदेडला सासरी गेली. सासूबाईंचा फोन आला, "समुद्रावर चाललाव अन् म्हातारीला इचारलं बी न्हाई?" आमच्याकडं घरातलं कुणी लांब निघालं आणि बाकीच्यांना वगळलं, तर तो मरणासारखा अपमान धरतात. नवऱ्याला 'नको' म्हणता आलं नाही. क्रूझर गाडी ठरली. सासूबाई, मोठे दीर, जाऊ, त्यांची मुलं, जावेची बहीण, असे अकराजण आणि गाडीत गाणी. वाटेत दिसेल त्या देवळाला गाडी थांबली. मुलगी माझ्या मांडीवर दोन्ही कानांवर हात दाबून बारा तास बसली.

किनाऱ्यावर जत्रा होती. उंट, घोडे, भेळ, पिपाण्या. वाळूवर पाय टेकताच मुलीनं पाय वर घेतले आणि माझ्या कमरेला वेढा घातला. दीर हसत आले.

"सोडा हिकडं. एकदा बुचकाळली की भीती मोडती."

"भाऊजी, नको. तिला वेळ लागतो."

"लई शिकल्यात म्हणून सगळं तुमालाच कळतंय का? आमी काय पोरं वाढवली न्हाईत?"

त्यांनी तिला माझ्या अंगावरून सोलून काढली, खांद्यावर टाकली, गुडघाभर पाण्यात जाऊन डोक्यासकट बुडवली. वर आली तशी तिनं त्यांच्या दंडाला दात लावले. त्यांनी फाडकन तिच्या तोंडात दिली. भोवती माणसं जमली. एक पोरगा मोबाइल धरून शूटिंग करत होता, त्याची मैत्रीण म्हणाली, "भूत लागलंय वाटतं." मुलगी वाळूत गुरासारखी ओरडत लोळत होती आणि सासूबाई ओरडत होत्या, "उचला की गं तिला, लोक बघून राहिले!"

मी पुढं गेले आणि तिला दोन थपडा मारल्या. म्हणाले, "तीन आठवडे शिकवलं तुला. तीन आठवडे!"

दीरांनी मारलं ते परक्याचं म्हणता येईल. माझं काय म्हणणार?

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी नव्हती. सोलापूर मागं पडल्यावर सासूबाई बोलल्या, "नांदेडला वसतिगृह हाय असल्या लेकरांचं. खायला देतेत, ल्यायला देतेत. तुमी दुसरं बघा. तुमचं वय काय गेलंय का?" नवरा खिडकीतून बाहेर बघत राहिला. मी त्याच्याकडं बघत होते हे त्याला कळत होतं, तरी मान वळवली नाही.

आठ दिवसांत दीर फॉर्म घेऊन लातूरला आले. जूनपासून प्रवेश. नवऱ्यानं नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं सुवाच्य अक्षरात भरलं आणि वडिलांच्या सहीच्या जागी सही केली. खाली आईच्या सहीची जागा मोकळी होती. मी जाऊन ते वसतिगृह बघून आले. वाईट नव्हतं. फरशी स्वच्छ होती, ताटं घासलेली होती, सांभाळणाऱ्या बाया प्रेमानं बोलत होत्या. वाईट असतं तर सोपं गेलं असतं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "मला अजून एक संधी पाहिजे. आपण तिघंच. चार दिवस समुद्रावर."

"अन् न्हाई जमलं तर?"

"तर मी सही करते."

तो लगेच "बरं" म्हणाला. त्यानं थोडा तरी वेळ घ्यायला हवा होता.

जानेवारीत मी मुलीला घेऊन माहेरी गेले. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, देवणी जातीचा वळू पाळतात. त्यांना सही येते, बाकी अक्षर येत नाही. तो वळू त्यांना जनावरांच्या प्रदर्शनाला न्यायचा होता. अंगणात टेम्पो उभा, मागची फळी उतरती टाकलेली, आत कडबा. वळू बाहेरच.

"कवा निघायचंय, दादा?"

"पंधरा दिसांनी."

"मग टेम्पो आजच कामून आणला?"

"त्येला बघू दे की. आपण ढकलून चढीवला तर जलमभर चढायचा न्हाई. एक दिस आपला आपण चढतोय."

ते गोणपाटात सामान बांधून ठेवत होते. वळूचा स्वतःचा खुंटा, जुनं दावं, त्याच्याच गोठ्यातलं न धुतलेलं पोतं, पाण्याचं पिंप. परक्या गावचं पाणी जनावर पहिल्या दिवशी तोंडात घेत नाही, म्हणाले. मग सांगितलं, "न्हेल्या दिशी मी त्येला माणसं दाखवत न्हाई. भिंतीकडं तोंड करून बांधतो. कानानं ऐकून घेतंय, नाकानं हुंगतंय. डोळ्यानं बघायचं शेवटी. मनाला आलं की फिरतंय मागं." मग नातीकडं बघून म्हणाले, "हिला बी तसंच न्ये की, माय."

माझं टाळकं फिरलं. सासरी तिला गुरासारखी म्हणत होते ते ऐकूनच मी आले होते.

"दादा, माझी लेक बैल न्हाई."

"बैल म्हणून न्हाई राहिलो मी. मला जे येतंय ते सांगून राहिलो."

"शिकला असता तर असं बोलला नसता."

 "न्हाई शिकलो," दादा म्हणाले आणि कडबा टाकायला गेले. चौथ्या दिवशी मी निघेपर्यंत वळू पुढचे दोन पाय फळीवर ठेवून उभा राहायला लागला होता. दादांनी मला तो दाखवला नाही, मीच जाऊन पाहिला. त्यांची माफी मी अजून मागितलेली नाही.

लातूरला येऊन वहीचं नवं पान काढलं आणि दादांचं एकेक लिहून घेतलं, त्यांचं नाव न घेता. मित्राची चारचाकी नवऱ्यानं दहा दिवस आधीच आणून दारात लावली. शेजारीण म्हणाली, "गाडी घेतली व्हय मॅडम? पाण्याचं बिल मग आमी भरू." रोज संध्याकाळी गाडीचं दार उघडं टाकून आम्ही आत बसायचो. मुलगी लांबून बघायची. सहाव्या दिवशी आत येऊन मागच्या सीटवर आडवी झाली. त्यानंतर भाकरी गाडीतच खायला लागली.

दिवाळी नको, शनिवार-रविवार नको. फेब्रुवारीतले सोमवार ते गुरुवार धरले. क्लासच्या मालकांनी "ऐन सीझनला?" म्हणून तोंड वाकडं केलं, मी पगार कापा म्हटलं. राहायच्या जागांना फोन लावायला बसले आणि पहिल्या वाक्यातच खरं सांगायचं ठरवलं: मुलगी बोलत नाही, कधीकधी किंचाळते, वरचा मजला नको, लग्नाचा हॉल शेजारी नको. एकानं विचारलं, "चावते का?" मी "कधीकधी" म्हटलं, त्यानं फोन ठेवला. दुसरा म्हणाला, बाकीच्या गिऱ्हाइकांचं काय? चौथी एक म्हातारी बाई होती, सुरूच्या बनामागं तिच्या घराच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायची. ती म्हणाली, "किंचाळू दे हो, माझे यजमानही किंचाळतात. कुत्रा बांधून ठेवीन. कोंबडा मात्र पहाटे आरवणारच, त्याला काही मी सांगू शकत नाही." तिथं ठरवलं.

बरोबर घेतलं ते सगळं तिचं. न धुतलेली गोधडी, तिची चेपलेली थाळी, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, दोन कॅन घरचं पाणी. वाळूसाठी नवऱ्याचे जुने जाड मोजे. मिलमध्ये मशीनपाशी उभी राहणारी माणसं कानाला लावतात तसली, आवाज अडवणारी कानझाकणी नवऱ्यानं स्टोअरमधून आणले. आणि एक नियम केला: तिनं स्वतःची मांडी थापटायला सुरुवात केली, म्हणजे तिला पुरे झालं, की उठायचं, तिथं चर्चा करायची नाही. वाटेत एक मुक्काम केला. गाणी लावली नाहीत. घरात कुणाला सांगितलं नाही. नांदेडला विचारलं तर नवऱ्यानं मिलचं काम म्हणायचं होतं. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून चार दिवस त्यानं फोनच बंद ठेवला.

पहिल्या दिवशी समुद्रावर गेलो नाही. गोधडी अंथरली, थाळीत भाकरी कुस्करली. बनापलीकडून आवाज येत होता. मुलगी खिडकीचा गज धरून उभी राहिली, कितीतरी वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालून तिला वाळूपर्यंत नेलं आणि समुद्राकडं पाठ करून बसवलं, तोंड सुरूच्या झाडांकडं. बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागं एवढा समुद्र पसरलेला आणि ती झाडाची खोडं बघत बसलेली. मला राहवलं नाही. चार दिवसांतला दुसरा चालला होता. मी तिची हनुवटी धरली आणि तोंड मागं फिरवलं.

तिनं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला, रक्त आलं. मग किंचाळत खोलीपर्यंत पळाली. मागोमाग आम्ही.

नवरा म्हणाला, "झालं. भर सामान. फॉर्म कपाटात हाय, घरी जाऊन सही कर."

"अजून दोन दिवस आहेत. वेळ संपायच्या आधी मी कुणाच्या हातातून पेपर ओढत नाही."

"हा क्लास न्हाई! तुला पोरगी नकोच हाय, तुला रिझल्ट पायजे. माझ्या भावानं बुडीवली अन् तू मुंडी पिरगाळली, काय फरक हाय?"

 फरक आहे म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. तोपर्यंत मुलगी रडून गोधडीवर झोपली होती आणि झोपलेल्या मुलीला उठवून गाडीत घालायची हिंमत दोघांतही नव्हती. राहिलो ते त्यामुळं. त्यात निर्धार वगैरे काही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच मोजे घेऊन आली. आम्ही पुन्हा तिथंच गेलो. ती समुद्राकडं पाठ करून बसली. या वेळी मीही तिच्याशेजारी तशीच बसले, हात मांडीखाली घेऊन, कारण हातांचा मला भरवसा नव्हता. तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. नवरा दहा पावलं लांब, येणाऱ्या-जाणाऱ्याला थोपवायला उभा. एक कुटुंब आलं, त्यातली बाई मोठ्यानं म्हणाली, "असल्यांना कशाला घेऊन फिरतात?" नवरा म्हणाला, "ताई, समुद्र लई मोठा हाय. तिकडं जावा." ते गेले.

कंटाळा येईस्तोवर बसलो. पाठीला ऊन लागायला लागलं. मग ती उठली. वळली नाही. झाडांकडं तोंड ठेवून, एकेक पाऊल मागं टाकत चालायला लागली, उलटी. मी जागची हलले नाही, फक्त मान वळवली. उलटी चालत ती ओल्या वाळूपर्यंत गेली, आणखी मागं गेली, आणि लाटेचं पाणी तिच्या टाचांना लागलं. थांबली. जाळं घेऊन चाललेला एक माणूस नवऱ्याला विचारत होता, "काय करते ती?" नवरा म्हणाला, "काही न्हाई. मागं चालून राहिली."

तिनं खाली बसून मोजे काढले, एक, मग दुसरा, आणि बाजूला टाकले. दुसऱ्या लाटेनं ते नेले. मग ती वळली. घोट्याएवढ्या पाण्यात तोंड समुद्राकडं करून उभी राहिली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. बघायला पुढं जावं असं फार वाटलं. गेले नाही. मांडी थापटेपर्यंत उभी राहिली आणि मांडी थापटली तशी आम्ही निघालो.

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, या वेळी सरळ चालत. दुपारी निघालो.

घरी आल्यावर नवऱ्यानं फोन चालू केला. खोटं बोलता येत नसल्यानं सगळं सांगून टाकलं आणि फोन माझ्या हातात दिला. सासूबाईंनी विचारलं, "मग, बुचकाळली का?"

"नाही, आत्याबाई."

"मग केलं काय चार दिस?"

"बसलो."

"बसायला एवढं लांब कशाला जायचं? हितं वट्टा न्हाई का आपला?" मग थोड्या मऊ आवाजात, "बरं, पुढच्या खेपेला समदे मिळून जाऊ."

"नाही. तुम्हाला न्यायचं नाही. भाऊजींनाही नाही."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. नवरा समोर उभा होता, त्यानं ऐकलं. त्याच्या आईला असं बोललेलं त्याला आवडलं नाही, तोंडावरून कळत होतं, आणि मी शब्द मागं घेतला नाही. त्या घरी माझं येणं-जाणं त्यानंतर कमी झालं ते झालंच. दीरांनी फॉर्मसाठी तीनदा निरोप पाठवला. तिसऱ्या निरोपाला नवऱ्यानं कळवलं, द्यायचा नाही.

मुलगी चार दिवस समुद्रावर राहिली, आपल्या पायांनी पाण्यात उभी राहिली आणि आमच्याबरोबर परत आली. मी सही केली नाही. जून आला आणि गेला. ती आमच्या घरी आहे.